आइनस्टाईन असं म्हणाला नव्हता, नाना

परवा रात्री जेवणं आटोपल्यावर नानाकाकांनी घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. वर आइनस्टाईनचा जीभ बाहेर काढलेला फोटो, खाली दोन गुलाबाची फुलं, आणि मथळा: 'जगातील सर्वात बुद्धिमान माणसाचे तंत्रज्ञान, विज्ञान व राजकारण यांविषयीचे ७ विचार. मुलांना नक्की वाचून दाखवा.' रोख माझ्या पुतण्यावर होता, कारण जेवताना त्याच्या ताटाशेजारी मोबाईल असतो. पुतण्या अकरावीत आहे आणि वस्ताद आहे. त्याने त्याच यादीतला दुसरा मुद्दा उचलून नानांना परत पाठवला: 'आइनस्टाईन पण गणितात नापास होता. मला ३१ तरी आहेत.' मग नानांनी मला मध्ये ओढलं. 'तू फिजिक्स शिकवतेस ना? सांग जरा याला.'

सांगते, पण दोघांनाही सांगते. हाच फॉरवर्ड महिन्याभरात मला स्टाफरूमच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, एका विमा एजंटानेही पाठवला. तेव्हा गप्प बसले. आता तो घरात शिरलाय.

पहिला मुद्दा: 'ज्या दिवशी तंत्रज्ञान माणसांतल्या संवादावर मात करेल त्या दिवसाची मला भीती वाटते. त्या दिवशी जगात मूर्खांची पिढी असेल.'

हे वाक्य त्याच्या लेखांत, भाषणांत, पत्रांत कुठेही नाही. तो गेला १८ एप्रिल १९५५ला. हे वाक्य फिरायला लागलं २०१२च्या आसपास, मोबाईलमध्ये डोकं घातलेल्या तरुणांच्या फोटोंखाली. त्याचा पूर्वज म्हणता येईल असं एक वाक्य १९९५ सालच्या 'पावडर' या इंग्रजी चित्रपटात आहे. तिथे एक पात्र ते आइनस्टाईनच्या नावावर खपवतं. म्हणजे मूळ सापडतं ते पटकथेत. ज्यांना पडताळायचं असेल त्यांच्यासाठी अ‍ॅलिस कॅलाप्रिस या बाईंनी आयुष्यातली कित्येक वर्षं घालवून एक जाडजूड संग्रह केलाय, प्रिन्स्टन विद्यापीठाच्या प्रकाशनाचा. प्रत्येक वाक्याखाली ते कुठल्या पत्रातलं, कुठल्या तारखेचं, याची नोंद. आणि शेवटी त्याच्या गळ्यात नाहक बांधलेल्या वाक्यांचा वेगळा विभाग. तो विभाग काही बारीक नाही.

मग तो तंत्रज्ञानाबद्दल खरं काय म्हणाला? २२ ऑगस्ट १९३०, बर्लिनचं रेडिओ प्रदर्शन. उद्घाटनाला आइनस्टाईन. भाषणाची सुरुवातच त्याने 'उपस्थित आणि अनुपस्थित मंडळी' अशी केली, कारण निम्मे श्रोते घरी रेडिओला कान लावून बसलेले. पुढे तो म्हणाला त्याचा मथितार्थ असा: विज्ञानाची ही किमया जो मुकाट वापरतो आणि तिच्यामागची बुद्धी जाणून घेण्याची तसदी घेत नाही, त्याला लाज वाटायला हवी, गाय जशी चवीने पाला चघळते पण वनस्पतीशास्त्राचा तिला पत्ता नसतो, तसा तो. तंत्रज्ञांमुळे खरी लोकशाही शक्य होते असंही त्याने त्याच भाषणात म्हटलं. देशोदेशीची माणसं तोवर एकमेकांना आपापल्या वर्तमानपत्रांच्या वाकड्या आरशात पाहत होती, रेडिओ त्यांना थेट भेटवेल, ही त्याची आशा.

थोडक्यात, नाना, मूर्ख कोण याबद्दल तो बोलला खरा. पण तो बोट दाखवत होता यंत्र वापरणाऱ्याकडे नाही, तर यंत्र कसं चालतं हे न विचारता वापरणाऱ्याकडे. टचस्क्रीनला बोट लागल्यावर आत काय होतं, हे आपल्या ग्रुपवर पुतण्याने एकट्याने विचारलंय. फॉरवर्डचं बटण दाबणाऱ्यांपैकी कुणी विचारलेलं मला आठवत नाही.

आणि या माणसाला तंत्रज्ञानाची भीती? त्याच्या वडिलांचा आणि काकांचा म्युनिकमध्ये विजेच्या उपकरणांचा कारखाना होता. तो स्वतः १९०२ ते १९०९ बर्नच्या पेटंट कार्यालयात बसून लोकांच्या यंत्रांची कागदपत्रं तपासत होता. बर्लिनमध्ये फ्रिजमधून गळलेल्या विषारी वायूने एक अख्खं कुटुंब दगावल्याची बातमी वाचून त्याने आणि लिओ झिलार्ड या भौतिकशास्त्रज्ञाने मिळून हलता भाग नसलेल्या फ्रिजचे आराखडे केले; त्यातल्या एकाला नोव्हेंबर १९३०मध्ये अमेरिकन पेटंट मिळालं. फ्रिज बाजारात आला नाही, तो भाग वेगळा. पण संध्याकाळी बसून फ्रिजची नळी कशी वळवायची याचा खल करणारा माणूस 'जुनं ते सोनं' छापाचा नव्हता.

आता नानांच्या बाजूने एक कबूल करते, नाइलाजाने. डिसेंबर १९१७मध्ये, पहिलं महायुद्ध भरात असताना, मित्राला लिहिलेल्या पत्रात आइनस्टाईनने सगळ्या वाखाणलेल्या तांत्रिक प्रगतीला विकृत गुन्हेगाराच्या हातातल्या कुऱ्हाडीची उपमा दिली आहे. हे पत्र खरं आहे. पण ते लिहिलं तेव्हा विषारी वायूचे ढग खंदकांत सोडले जात होते, आणि त्या कामाचा म्होरक्या फ्रिट्झ हाबर हा त्याचा बर्लिनमधला मित्र होता. त्याला चिंता कुऱ्हाड धरणाऱ्या हाताची होती. वरणभात खाताना रील बघणाऱ्या पोराची नव्हे.

दुसरा मुद्दा, आणि हा पुतण्यासाठी. आइनस्टाईन गणितात कधीही नापास झाला नाही. १९३५मध्ये प्रिन्स्टनला त्याला हाच दावा छापलेलं वर्तमानपत्राचं कात्रण कुणीतरी दाखवलं, तेव्हा तो म्हणाला, मी गणितात कधीच नापास झालो नाही, पंधरा वर्षांचा व्हायच्या आधी माझं डिफरन्शियल आणि इंटिग्रल कॅल्क्युलस झालं होतं. अफवेला खतपाणी दोन गोष्टींनी मिळालं असावं. १८९५मध्ये, नेहमीच्या वयाच्या दोन वर्षं आधी, त्याने झुरिचच्या पॉलिटेक्निकची प्रवेशपरीक्षा दिली. गणित आणि भौतिकशास्त्र उत्तम, बाकीच्या विषयांत घसरला. पुढच्या वर्षी स्वित्झर्लंडमधल्या आराउच्या शाळेतून पास झाला, तेव्हा बीजगणितात ६ आणि भूमितीत ६. जर्मनीत १ म्हणजे सर्वोत्तम, स्वित्झर्लंडमध्ये ६ म्हणजे सर्वोत्तम. ज्याला हे माहीत नाही त्याने गुणपत्रिका पाहिली की झालं. फ्रेंचमध्ये मात्र ३ होते. तेव्हा बाळा, आइनस्टाईनचा दाखला द्यायचाच तर तुला आधी फ्रेंच घ्यावं लागेल.

तिसरा मुद्दा मधमाश्यांचा: त्या संपल्या की माणूस चार वर्षांत संपणार. १९९४मध्ये ब्रुसेल्सला मधपाळांनी आंदोलन केलं, त्यातल्या पत्रकांवर हे वाक्य आइनस्टाईनच्या नावाने झळकलं. त्याआधी ते सापडतं १९६५-६६च्या मधपाळांच्या मासिकांत, म्हणजे तो गेल्यावर दहा वर्षांनी. त्याच्या हयातीत नाही. मधमाश्या महत्त्वाच्या आहेतच, कांद्याचं बी धरणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. पण भात, गहू, ज्वारी, बाजरी यांचं परागीभवन वाऱ्यावर किंवा आपलं आपणच होतं. भाकरी मधमाशीवर अवलंबून नाही.

चौथा, 'चक्रवाढ व्याज हे जगातलं आठवं आश्चर्य.' विमा एजंट का पाठवतो ते कळलं असेल. त्याच्या लेखनात हे नाही. पुढे.

पाचवा: 'भगवद्गीता वाचताना देवाने विश्व कसं निर्माण केलं याचा विचार करतो, तेव्हा बाकी सगळं फोल वाटतं.' इथे लोक दुखावतात, म्हणून जरा थांबते. गीता थोर आहे की नाही हा प्रश्नच नाही. प्रश्न एवढाच की हे तो म्हणाला का, आणि त्याला कुठलाही आधार मिळत नाही. बहुतेक गल्लत ओपनहायमरशी, म्हणजे अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पाच्या प्रमुख शास्त्रज्ञाशी, झाली असावी. तो बर्कलीला संस्कृत शिकला होता, गीता मुळातून वाचायचा. आइनस्टाईनचा देव कुठला, हे त्याने १९२९मध्ये न्यूयॉर्कच्या एका रब्बीला, म्हणजे ज्यू धर्मगुरूला, तारेने कळवलं होतं: सतराव्या शतकातल्या तत्त्वज्ञ स्पिनोझाचा, जो विश्वाच्या सुसंगतीत दिसतो, माणसांच्या नशिबात आणि कर्मांत लक्ष घालणारा नव्हे. जानेवारी १९५४च्या एका पत्रात तर त्याने देव या शब्दाला मानवी दुबळेपणाची निष्पत्ती म्हटलंय. ते पत्र २०१८मध्ये लिलावात साडेअठ्ठावीस लाख डॉलरहून जास्तीला गेलं.

भारताशी त्याचं नातं दाखवायचंच तर खरं आहे की! १९२४मध्ये ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस नावाच्या अनोळखी प्राध्यापकाने त्याला आपला शोधनिबंध धाडला. आइनस्टाईनने तो स्वतः जर्मनमध्ये भाषांतरित करून छापून आणला. आणि गांधीजींच्या सत्तरीनिमित्त १९३९मध्ये त्याने लिहिलं, की असा माणूस हाडामांसाने या पृथ्वीवर वावरला यावर पुढच्या पिढ्यांचा क्वचितच विश्वास बसेल. हे वाक्य शंभर टक्के त्याचं. सात विचारांच्या यादीत ते नाही. का नसावं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

सहावा मुद्दा मी दरवर्षी वर्गात खोडते: 'आइनस्टाईनने अणुबाँब बनवला आणि पश्चात्तापाने संशोधन सोडलं.' वस्तुमान आणि ऊर्जेचं समीकरण १९०५चं. युरेनियमचा अणू फुटतो हे हान आणि स्ट्रासमान यांच्या प्रयोगात १९३८च्या डिसेंबरात दिसलं, आणि त्याचा अर्थ लिझे माइटनर आणि ऑटो फ्रिश यांनी लावला. जुलै १९३९मध्ये झिलार्डने, हो, तोच फ्रिजवाला, त्याला एक अणू फुटला की पुढचे फुटत जातात ही साखळी प्रक्रिया समजावली, तेव्हा आइनस्टाईन म्हणाला, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. २ ऑगस्टच्या तारखेच्या, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टला लिहिलेल्या पत्रावर त्याने सही केली. बाँबमधला त्याचा हात एवढाच. प्रत्यक्ष प्रकल्पात त्याला घेतलंच नाही, १९४०मध्ये अमेरिकी लष्कराच्या गुप्तचर खात्याने त्याला नकार दिला होता. सहीची खंत खरी. जर्मनांना बाँब जमणार नाही हे ठाऊक असतं तर मी बोटही उचललं नसतं, असं तो १९४७मध्ये म्हणाला. संशोधन सोडणं मात्र साफ खोटं, शेवटच्या आजारपणात हॉस्पिटलातही त्याने आकडेमोडीचे कागद मागवून घेतले होते.

आता सातवा. माझं डोकं फिरलं ते यानेच: 'शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत राहावे, राजकारण राजकारण्यांवर सोडावे. म्हणूनच आइनस्टाईनने इस्रायलचे पंतप्रधानपद नाकारले.'

एक तर प्रयोगशाळा त्याला नव्हतीच, तो कागदावर काम करणारा माणूस. दुसरं, १९५२च्या नोव्हेंबरात विचारणा झाली ती राष्ट्राध्यक्षपदाची, जे तिथे बरंचसं मानाचं पद आहे. नकाराचं कारणही त्याने लिहून दिलंय: माणसांशी नीट वागण्याची उपजत हातोटी आणि अनुभव आपल्याकडे नाही. राजकारण घाण आहे वगैरे त्यात काही नाही.

आणि राजकारणापासून लांब? ऑक्टोबर १९१४मध्ये जर्मनीच्या ९३ नामवंतांनी आपल्या सैन्याची पाठराखण करणारं पत्रक काढलं. त्यात भौतिकशास्त्रज्ञ प्लांक होता, क्ष-किरणांचा रॉन्टगेन होता, हाबर होता. विरोधात एक पत्रक निघालं, त्यावर सह्या झाल्या चार. त्यातली एक आइनस्टाईनची. १९३३मध्ये हिटलर आल्यावर तो परतलाच नाही, प्रशियाच्या अकादमीचा राजीनामा देऊन मोकळा झाला. आयुष्यभर युद्धविरोधी असलेल्या या माणसाने त्याच वर्षी बेल्जियमच्या तरुणांना सांगितलं, की मी तुमच्या जागी असतो तर सैन्यात जायला नकार दिला नसता. मत बदललं आणि उघड सांगितलं. अमेरिकेत १९४६मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या कृष्णवर्णीयांच्या लिंकन विद्यापीठात जाऊन तो म्हणाला, वंशभेद हा गोऱ्यांचा रोग आहे आणि मी त्यावर गप्प बसणार नाही. मे १९४९मध्ये 'समाजवाद कशासाठी' या अर्थाचा लेख लिहिला. १९५३मध्ये, मॅकार्थी या सिनेटरच्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेच्या काळात, चौकशी समितीपुढे साक्ष द्यायला बुद्धिजीवींनी नकार द्यावा आणि तुरुंगाची तयारी ठेवावी, असं एका शिक्षकाला पत्राने कळवलं. ते छापून आलं. एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेने त्याच्यावर चौदाशेहून जास्त पानांची फाईल ठेवली होती. गप्प बसणाऱ्या माणसावर कुणी चौदाशे पानं खर्च करत नाही. मृत्यूच्या आठवडाभर आधी त्याने तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलच्या अण्वस्त्रविरोधी जाहीरनाम्यावर सही केली.

त्याची सगळी मतं मला पटतात असं नाही. १९२२-२३च्या प्रवासाच्या रोजनिशीत चिनी लोकांबद्दल त्याने जे लिहून ठेवलंय ते वाचताना लाज वाटते, आणि लिंकन विद्यापीठातलं भाषण त्याच माणसाचं हे पचवायला वेळ लागतो. शिवाय राजकारण क्षणाचं असतं, समीकरणं कायमची, असं तो एकदा म्हणाल्याचं त्याच्या सहायकाने सांगून ठेवलंय. फॉरवर्डवाल्याने कदाचित तेच ओढूनताणून सातव्या मुद्द्यात कोंबलं असेल. पण आइनस्टाईनलाच एकदा कुणी विचारलं, की अणूची रचना उलगडली तरी अणूपासून वाचवणारी राजकीय व्यवस्था का जमत नाही? उत्तर आलं: सोपं आहे, राजकारण भौतिकशास्त्राहून अवघड आहे. ज्याला एखादी गोष्ट आपल्या विषयाहून अवघड वाटते, तो तिला कमी लेखत नसतो. माझ्या स्टाफरूममध्ये सातवा मुद्दा कोण कोणाला पाठवतं आणि कुठल्या बातमीनंतर पाठवतं, ते मी पाहिलंय. म्हणून एवढं लिहिलं.

राहिला वरचा फोटो. 'शिक्षणपद्धतीला जीभ दाखवणारा आइनस्टाईन', असं त्याखाली लिहिलंय. १४ मार्च १९५१, बहात्तरावा वाढदिवस. घरी जायला गाडीत बसलेला, दोन्ही बाजूंना ओळखीचं जोडपं, आणि फोटोवाले आणखी एकदा हसा म्हणून मागे लागलेले. वैतागून त्याने जीभ काढली. फोटो त्याला इतका आवडला की शेजारची माणसं कापून त्याने त्याची शुभेच्छापत्रं केली आणि मित्रांना पाठवली. नाना, अख्ख्या फॉरवर्डमध्ये त्याने स्वतः फॉरवर्ड केलेलं तेवढंच आहे.