नुसतं बघायचे पैसे

आज सकाळपासून डोकं फिरलंय. ओळखीतला एक मुलगा मेकॅनिकचा कोर्स करायचा म्हणतोय, तर त्याच्याच घरातले एक गृहस्थ त्याला सगळ्यांदेखत म्हणाले, "त्यात आता राहिलंय काय? मशीन लावायचं आणि ते सांगेल तो पार्ट बदलायचा. माकडसुद्धा करेल." पोरगं गप्प बसलं. मीही बसले, म्हणून आता इथे लिहितेय.

मशीन सांगतं म्हणे! माझ्या गाडीला सांगितलं होतं की. गेल्या वर्षी इंजिनाचा पिवळा दिवा लागला. चकाचक वर्कशॉपमध्ये नेली. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला, कोड आला पी ०१७१. "ऑक्सिजन सेन्सर गेलाय, मॅडम." बदलला. दिवा गेला. चौथ्या दिवशी परत हजर.

पी ०१७१ चा अर्थ एवढाच, की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. का पडतंय, ते कोडला ठाऊक नसतं. धुरातला ऑक्सिजन मोजणारा तो सेन्सर बिचारा खरं बोलत होता आणि आम्ही त्यालाच काढून टाकला!

मग उस्तादांकडे गेले. साठीचे गृहस्थ. उमेदीची वर्षं कार्ब्युरेटरचे जेट फुंकण्यात आणि फीलर गेजने पॉइंटचा गॅप लावण्यात गेली. इंजेक्शनच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल सोडणाऱ्या गाड्या आल्या तशी त्यातली निम्मी विद्या मोडीत निघाली, तर चष्मा लावून ग्राफ वाचायला शिकले. त्यांनीही स्कॅनरच लावला बरं का. पण कोडवर न थांबता फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय ते, बघत बसले. आयडलला, म्हणजे गाडी नुसती चालू ठेवली की, अधिक २२ टक्के, रेस दिली की ५ वर. "खाली जास्त, वर कमी. कुठूनतरी हवा ओढतेय." इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेत, धूर सोडला, टॉर्च धरला. मॅनिफोल्डच्या मागे, जिथे हात जेमतेम जातो तिथल्या बोटभर रबरी पाइपाच्या वळणातून धुराची एक बारीक रेघ वर आली. मी डोळ्यांनी पाहिली.

हे माकड करेल?

इलेक्ट्रिक गाडीत इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, प्लग नाहीत, मान्य. कामं कमी होणार, तेही मान्य. पण बारा व्होल्टवर हात बसलेल्या माणसासमोर आता चारशे व्होल्टच्या नारिंगी केबल आहेत. विजेचे रबरी हातमोजे घालून बॅटरी तोडणारा सर्व्हिस प्लग काढा, वीज साठवणारे कपॅसिटर रिकामे व्हायची वाट बघा, मीटरवर शून्य दिसतंय ना बघा, मगच पाना हातात घ्या. पाठवा माकडाला.

आणि कंपन्या? गाडी आपण विकत घ्यायची, तिच्या सॉफ्टवेअरची किल्ली त्यांच्या खिशात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या लोकांना दुरुस्तीच्या हक्कासाठी, म्हणजे गाडीची माहिती बाहेरच्या मेकॅनिकलाही मिळावी म्हणून, २०१२ आणि २०२० असं दोनदा मतदान करावं लागलं. उस्तादांनी एकट्याने कुणाकुणाशी भांडायचं?

बरं, पुढची काच बदलल्यावर तिच्यामागच्या, रस्ता बघणाऱ्या कॅमेऱ्याची नजर जुळवायला (कॅलिब्रेशन) मी वर्कशॉपलाच जाईन, उस्तादांकडे ती सोय नाही. आणि तिथल्या, सेन्सर बदलणाऱ्या पोरावरचा रागही आता ओसरलाय. पार्ट बसवला तर त्याची मजुरी लागते. तासभर विचार करत बसला तर त्याचं बिल कुणाच्या नावावर फाडणार? आपण देतो का?

देतो का, हे मलाच विचारायला हवं. कारण मघाशी एक गोष्ट सांगायची टाळली. पाइप अगदी किरकोळ किमतीचा होता. उस्तादांनी दीड तासाची मजुरी सांगितली आणि मी म्हणाले, "नुसतं बघायचे एवढे?"

ते काही बोलले नाहीत. टॉर्च पुसून खिशात ठेवला. "बरं, पाइपाचेच द्या, ताई."

मी तेवढेच देऊन आले.