खुलासा : विकतच्या फॉलोअरने गिऱ्हाईक वाढत नाही

‘सुरुवातीला दहा हजार फॉलोअर विकत घ्या, मग इन्स्टाग्राम तुमची पोस्ट आपोआप सगळ्यांना दाखवतं,’ असा सल्ला छोट्या व्यावसायिकांमध्ये फिरतोय. तो चुकीचा आहे.

पोस्ट किती जणांपुढे जाईल हे ठरवताना लोक ती किती वेळ पाहतात, इतरांना पाठवतात, जपून ठेवतात, हे पाहिलं जातं. विकतची खाती यातलं काहीच करत नाहीत. खरेदी तर दूरच. शिवाय खोटे लाइक आणि फॉलोअर काढून टाकणार, हे इन्स्टाग्रामने नोव्हेंबर 2018 मध्येच जाहीर केलंय. म्हणजे पैसेही गेले, आकडाही गेला. काही विक्रेते तर खात्याचा पासवर्डच मागतात. तो कृपा करून कुणालाही देऊ नका. आधीच दिला असेल, तर आजच बदला.