रांगेतला स्नीक

धरमपेठेत तर्री-पोह्याच्या रांगेत एक इसम सरळ माझ्यापुढे येऊन उभा राहिला. नागपूरकराला राग आला की हिंदी सुचते, फार राग आला की इंग्रजी. मी ओरडलो, "यू स्नक इन!" म्हणजे, तू गुपचूप घुसलास.

त्याने ऐकलंच नाही. ऐकलं ते मागच्या काकांनी. कोपरात हेल्मेट अडकवलेलं, हातात कोथिंबिरीची जुडी.

"स्नीकचा भूतकाळ स्नक नाही बाप्पा, स्नीक्ड. स्नक १९व्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत निघालं. तिकडे आता सर्रास चालते. आपण शिकलो ब्रिटिश."

"स्नॅक्समधी पोहेच हायेत भाऊ," गाडीवाला म्हणाला.

"पण काका, हा घुसला ना?"

"घुसला, म्हणजे स्नीक नाहीच! स्नीकला आवाज नको, अन् कोणी पाहू नये हा हेतू पाहिजे. स्नीकर बुटांचं नाव रबरी तळव्यामुळेच पडलं. हा तर मोबाइलवर बोंबलत आला. याले बार्ज इन म्हण, म्हणजे धाडकन घुसणं." कोथिंबीर माझ्या छातीला टेकली. "क्रीप म्हणजे हळूहळू सरकणं, त्याला हेतू लागत नाही, धुकंही क्रीप करते. शेपूट घालून निघून जाणं म्हणजे स्लिंक, भूतकाळ स्लंक. लर्क म्हणजे दबा धरणं, त्यात पाऊलच हलत नाही. अन् मागून दबकत येऊन कोणाला गाठायचं तर स्नीक अप ऑन. त्यातला ऑन खाऊ नको."

मराठीत पळ काढायला सटकणे, निसटणे अशी चोख क्रियापदं आहेत. गुपचूप आत यायचं तर मात्र बिचाऱ्या 'शिरणे'ला हळूच, चोरपावलांनी असलं काहीतरी जोडावं लागतं. घुसणाऱ्यांचं त्यावाचून काही अडत नाही, ही गोष्ट वेगळी.

रांगेत दहा माणसं होती. स्नीक्डवर सगळ्यांनी माना डोलावल्या. "भाऊ, मागे जा" एवढे तीन शब्द एकाच्याही तोंडून फुटले नाहीत. व्याकरण माझंच तपासलं गेलं, कारण तक्रार मी केली होती.

दरम्यान काका माझ्या शेजारी आले होते. मग अर्धं पाऊल पुढे. कडेकडेने, गाडीवरच्या पाटीकडे बघत. याला साइडल म्हणतात, शब्द साइडवरूनच आलेला. हे एक क्रियापद त्यांच्या यादीत नव्हतं.

गाडीवाल्याने तर्रीचा गंज काकांच्या प्लेटमध्ये पालथा केला. मला कोरडे पोहे मिळाले. पैसे पूर्ण घेतले.