लीगलकडे अडकलंय

आमच्या कंपनीत एखादं काम रखडलं की कारण शोधावं लागत नाही. ‘लीगलकडे अडकलंय’ एवढं म्हटलं की मीटिंग पुढे सरकते. चाकणच्या प्लांटमधलं कँटीनचं कंत्राट, हिंजवडीच्या आयटीवाल्यांशी करायचा करार, दिवाळीच्या मिठाईची ऑर्डर, सगळं लीगलकडे अडकतं. लीगल म्हणजे कंपनीचा कायदा विभाग, म्हणजेच बाणेरच्या ऑफिसात प्रिंटरशेजारी बसणारे आम्ही तिघं. मिठाईचा कागद तर आमच्याकडे आलाच नव्हता. तरी अडकला होता.

करार येतो शुक्रवारी संध्याकाळी सहाला. सेल्सचा मुलगा पाठीला सॅक लावूनच उभा. "मॅडम, फक्त एक नजर टाका. स्टँडर्डच आहे." ८४ पानं. त्यात आपली जबाबदारी अमर्याद, समोरच्याची शून्य, आणि भांडण झालंच तर लवाद सिंगापूरला. सोमवारी सकाळी सही हवी असते. हाच करार त्याच्या मेलबॉक्समध्ये तीन आठवडे मुक्कामाला होता, हे मेल खाली खाली सरकवत नेला की कळतं. पण तेवढं खाली जातो कोण?

स्टॅम्पचं तर विचारूच नका. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा साध्या करारांना शंभराऐवजी ५०० रुपये मुद्रांक लागतो. तरी अजून प्रत्येक जण "शंभराच्या स्टॅम्पवर करून टाकू ना" असंच म्हणतो. एकाने तर ‘घरी जुना एक पडलाय’ म्हणून आणूनही दिला. त्याच्या आजोबांच्या नावाचा होता.

या सगळ्यावर इलाज म्हणून साहेबांनी एक सल्लागार आणला. लीगल हे ‘कॉस्ट सेंटर’, म्हणजे नुसतं खर्चाचं खातं आहे, त्याचं ‘व्हॅल्यू सेंटर’, म्हणजे फायदा दाखवणारं खातं करायचं, असं त्याच्या पहिल्याच स्लाइडवर होतं. त्याने सुचवलं, बाहेरच्या लॉ फर्म सहा-सहा मिनिटांच्या मापाने बिल लावतात, तुम्हीही तसं टाइमशीट भरा. बाहेरच्यांना त्या सहा मिनिटांचे पैसे मिळतात, आम्हाला ती भरण्यात आणखी सहा मिनिटं जातात, हा फरक त्याला किरकोळ वाटला. पगारी नोकरी धरली की बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे वकिली बंद ठेवावी लागते. म्हणजे कोर्टात उभं राहायचं नाही, आणि इथे बसलेलं कुणाला दिसत नाही. टाइमशीटमध्ये ‘करार समोरच्याकडे पडून आहे’ यासाठी रकाना नव्हता. मी ती सगळी मिनिटं ‘इतर’मध्ये टाकली. महिनाअखेरीस ‘इतर’ हेच आमचं मुख्य काम निघालं.

खरं सांगायचं तर काम हलकं झालं ते दोन कागदांनी, आणि त्यांना एक पैसाही लागला नाही. आमचा बराचसा वेळ खायचे ते गोपनीयतेचे करार, म्हणजे एनडीए. मी त्याचा दोन पानी नमुना केला. समोरच्याने जसाच्या तसा मान्य केला तर आम्हाला दाखवायचीही गरज नाही. समोरचे बहुतेक वेळा मान्य करतात, कारण तेही वाचत नाहीत. दुसरा कागद म्हणजे करार पाठवताना भरायचा एक पानी फॉर्म: कुणाशी, किती रकमेचा, कधी हवा. शेवटचा प्रश्न मात्र सेल्सला झोंबला: ‘तोंडी काय काय कबूल करून बसला आहात?’ त्याखाली जागा पुरत नाही, पुरवणी जोडू का, असं एकाने अगदी प्रामाणिकपणे विचारलं.

पण सल्लागाराला कागद नको होते, आकडा हवा होता. एक्सेलमध्ये ‘लीगलने वाचवलेली रक्कम’ असा रकाना आला. तेव्हा मला भोसरीचा वर्कशॉपवाला आठवला. परचेसने त्याच्या करारात ‘पैसे ९० दिवसांत’ असं लिहिलं होतं. तो नोंदणी केलेला लघुउद्योग. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार अशांना, करारात काहीही लिहा, ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ. शिवाय इन्कम टॅक्सवाले तो खर्च पैसे दिल्याशिवाय मान्य करत नाहीत, ते वेगळंच. मी ९० चे ४५ केले, होऊ शकलं असतं ते व्याज काढलं आणि रकान्यात भरलं.

आढावा मीटिंगमध्ये फायनान्सचे साहेब त्या आकड्याकडे बघत बसले.

"हे पैसे जमा कुठल्या खात्यात झाले?"

"जमा नाही झाले साहेब. गेले नाहीत."

"अहो, गेलेच नाहीत तर वाचले कसे? मी एंट्री काय टाकू?"

सल्लागाराने घसा साफ केला. म्हणाला, याला बेसलाइन लागेल. एखाद्या सप्लायरचे पैसे मुद्दाम थकवून किती व्याज लागतं ते बघितलं, तरच मॅडमची बचत सिद्ध होईल.

परचेसचे साहेब इतका वेळ टेबलाखाली मोबाइल बघत होते. त्यांनी मान वर केली.

"मुद्दाम कशाला? आहेत की थकलेले. कितीचे हवेत?"