काळा धूर आणि तात्यांची ताकद

राहायला धनकवडी आणि नोकरी शिरवळला, त्यामुळे रोज सकाळी कात्रजचा जुना घाट आणि बुडाखाली एकशेदहा सीसीची स्कूटर. घाटाबद्दल माझी काहीच तक्रार नाही, पावसाळ्यात तर मस्तच असतो, तक्रार आहे ती पुढच्या डिझेल गाडीबद्दल. आणि ती कायम पुढेच असते! सपाटीला अगदी निमूट चालते, पण चढ लागून ड्रायव्हरने खालचा गिअर टाकला आणि पाय दाबला की मागून जो काळाकुट्ट लोट सुटतो तो एवढा मोठा रस्ता सोडून बरोबर माझ्या हेल्मेटमध्ये शिरतो. ओव्हरटेक करावं म्हटलं तर समोरून ट्रक, मागे पडावं म्हटलं तर मागचा हॉर्न वाजवून जीव खातो.

घाटात निदान वारा तरी असतो. जुन्या बोगद्यात धूर मुक्कामालाच असतो. मी आत शिरताना श्वास रोखून धरतो, पण नेमकं मध्यावर पुढच्याला ब्रेक मारायची हुक्की येते आणि मग सगळी कसर एका दमात भरून निघते.

ऑफिसात पोचून हेल्मेट काढलं की नाकपुड्यांत काजळ आणि चष्म्याखाली तेवढी गोरी कातडी. बायकोने पांढरे रुमाल आणणं केव्हाच बंद केलंय.

आमच्या गॅरेजवाल्याने एकदा मला धुराचं शास्त्र समजावलं होतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी, मग जे नीट जळत नाही ते काजळी होऊन बाहेर. एअर फिल्टर चोंदला असेल, नोझल गेले असतील, टर्बोचा पाइप फाटला असेल, नाहीतर पिकअपसाठी इंजिनच्या पंपातून डिझेल वाढवून घेतलं असेल. पहिल्या तिन्हीवर इलाज आहे म्हणाला, चौथा रोग म्हणजे मालक.

हा चौथा रोग आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहतो. तात्यांची जुनी डिझेल गाडी सकाळी सुरू झाली की दुसऱ्या मजल्यापर्यंतच्या खिडक्या धडाधड बंद होतात. मी एकदा धीर करून विषय काढला तर म्हणाले, "अहो, काळा धूर म्हणजे गाडीत दम आहे! त्या २०२० नंतरच्या बीएस-सिक्स गाड्या बघा, तो डीपीएफ का काय फिल्टर लावलाय, चालू आहे का बंद तेच कळत नाही." मी म्हटलं, तात्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेने २०१२ मध्येच डिझेलचा धूर कॅन्सर करणाऱ्यांच्या यादीत टाकलाय हो. तात्या शांतपणे म्हणाले, "धूर मागे जातो. मी पुढे बसतो."

यावर काय बोलणार!

परवा पीयूसी काढायला पेट्रोल पंपावर गेलो तर पीयूसीवाल्या ओमनी गाडीपाशी पुढे तात्याच. मला आतून उकळ्या फुटल्या. पीयूसी नसेल तर दंड १० हजारांपर्यंत जातो हे मला पाठ होतं आणि अशा जुन्या गाडीला मशीनवर धुराच्या काळेपणाचं रीडिंग ६५ एचएसयूच्या वर आलं की फेल, हेही विचारून ठेवलं होतं. म्हटलं आज सापडले. पण ओमनीतला पोरगा नळी सायलेन्सरमध्ये घालायच्या आधी म्हणतो, "तात्या, पहिलं चारपाच वेळा फुल रेस मारा, पाइप साफ होऊ द्या." तात्यांनी मारली. पाइप साफ झाला. त्यात सहा महिन्यांत साचलेलं जे काही होतं ते सगळं दोन मिनिटांत माझ्या अंगावर, स्कूटरवर आणि शेजारच्या हवा भरणाऱ्या माणसाच्या डब्यावर येऊन बसलं. मग नळी आत गेली, परत रेस, मशीनने जरा विचार केला आणि रीडिंग ६५ च्या आत. पास!

तात्या प्रिंट खिशात घालून हात हलवत गेले. मी शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत होतो, तर पोरगा माझ्याकडे बघून म्हणतो, "काका, डिझेल गाडी रेस होत असताना मागे उभं राहतं का कोणी? एवढं वय झालं तुमचं."