डेस्मॉइडची गाठ आणि रेडिएशन: ‘गाठ तशीच राहिली, शेक वाया गेला’ हे खरं नाही

डेस्मॉइड म्हणजे स्नायूंभोवतीच्या तंतुमय ऊतींत वाढणारी गाठ. तिच्या रुग्णांमध्ये एक मजकूर सतत फिरत असतो. ही गाठ कॅन्सर नाही, म्हणून रेडिएशन लागत नाही. दिलं तरी गाठ जात नाही. गेली नाही म्हणजे डोस कमी पडला. शिवाय रेडिएशननेच कॅन्सर होतो, त्यापेक्षा ऑपरेशन करून गाठ मुळासकट काढा, असा त्याचा सूर. प्रत्येक वाक्यात खऱ्याचा अंश आहे, म्हणूनच लोक फसतात.

‘कॅन्सर नाही, मग रेडिएशन कशाला?’ डेस्मॉइड शरीरात दुसरीकडे पसरत नाही, हे बरोबर. पण ती जिथे आहे तिथेच स्नायूंत, नसांभोवती घुसत जाते. मानेत किंवा काखेत वाढली तर हात निकामी होऊ शकतो. निदान होताच रेडिएशन सुरू करणं मात्र चूकच. आधी ठरावीक अंतराने एमआरआय करून लक्ष ठेवायचं. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या सोराफेनिब या औषधाच्या चाचणीत नुसती प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी 20 टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय आकसल्या होत्या. गाठ वाढतच राहिली, औषधांना दाद देईना आणि ऑपरेशनने अवयव अधू होणार असेल, तेव्हा रेडिएशनचा विचार होतो.

‘दिलं तरी गाठ जात नाही.’ सर्वांत जास्त नुकसान या वाक्याने होतं. युरोपातल्या ईओआरटीसी या कॅन्सर संशोधन संस्थेने 44 रुग्णांना 56 ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं एकक) डोस 28 सिटिंगमध्ये दिला; रोज 2 ग्रे, आठवड्याला पाच दिवस. तीन वर्षांनी 81.5 टक्के रुग्णांत गाठ काबूत होती. पूर्ण नाहीशी झाली ती फक्त 6 जणांत, बरीच आकसली 16 जणांत, आणि 18 जणांत वाढ थांबून ती तशीच राहिली. काहींची गाठ तीन वर्षांनंतरही लहान होत होती.

असं का? किरणांनी पेशीचा डीएनए तुटतो, पण पेशी बहुधा मरते ती विभागायला जाते तेव्हा. डेस्मॉइडच्या पेशी सावकाश विभागतात, आणि गाठीचा मोठा भाग कोलॅजन या तंतुमय प्रथिनाचा असतो, तो पेशी मेल्यावरही जागेवर राहतो. म्हणून तिसऱ्या महिन्याच्या एमआरआयवर फक्त सेंटिमीटर मोजू नका. टी-2 या प्रकारच्या एमआरआय चित्रात गाठीची चमक कमी होऊन ती काळपट दिसू लागली, तर आकार तोच असला तरी हे चांगलं लक्षण आहे. ‘फेल गेलं’ म्हणून घाईने ऑपरेशन केलं, तर शेकलेल्या भागातली जखम भरायला फार त्रास देते.

‘डोस कमी पडला.’ 56 ग्रेच्या पुढे गेल्याने गाठ जास्त आटोक्यात येते असं दिसलेलं नाही. कडकपणा, सूज, सांधा आखडणं मात्र वाढतं. खरी चूक बहुतेक वेळा आखणीत असते. गाठीची टोकं स्नायूच्या लांबीच्या दिशेने निमुळती होत दूर जातात. हाता-पायाच्या गाठीत त्या दिशेने काही सेंटिमीटर जास्त जागा घ्यावी लागते, साच्यात अवयव रोज त्याच स्थितीत ठेवावा लागतो, आणि लसिका (ऊतींतला पाझरणारा द्रव) वाहण्यासाठी एका बाजूची उभी पट्टी किरणांपासून वाचवावी लागते. फिजिओथेरपी उपचारासोबतच सुरू करा.

‘रेडिएशनने कॅन्सर होतो.’ धोका थोडा आहे, पण खरा आहे, आणि तो अनेक वर्षांनी उभा राहतो. म्हणून लहान मुलांत, तरुण मुलींत, जिथे वाढती हाडं, स्तन किंवा अंडाशय किरणांच्या वाटेत येतात, तिथे आधी औषधांकडेच वळणं बरं: सोराफेनिब, किंवा कमी डोसचं मेथोट्रेक्सेट आणि विनब्लास्टिन. अमेरिकेत नोव्हेंबर 2023 मध्ये डेस्मॉइडवरच्या निरोगासेस्टॅट या औषधाला मंजुरी मिळाली आहे. एफएपी (मोठ्या आतड्यात असंख्य पॉलिप होण्याचा आनुवंशिक आजार) असलेल्यांच्या आतड्याच्या पडद्यातल्या गाठीला रेडिएशन सहसा देत नाहीत. आतड्याला एवढा डोस झेपत नाही.

पण यावरून ‘मुळासकट काढा’ हा निष्कर्ष निघत नाही. काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ, म्हणजे गाठीच्या पेशींविना असूनही डेस्मॉइड परत येऊ शकते, आणि ऑपरेशनची जखम हेच कधी कधी नव्या गाठीचं निमित्त होतं. पोटाच्या भिंतीतली वाढणारी गाठ काढणं अनेकदा सोपं आणि योग्य असतं. खांदा, मान, मांडीच्या मागचा भाग इथे मात्र सर्जन आणि रेडिएशन तज्ज्ञ या दोघांनी एकत्र बसून एमआरआय पाहिल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊ नका.