कुत्र्याला ‘जागा दाखवून’ काही कळत नाही

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. कुत्र्याने दिवसा घरात शू केली असेल तर संध्याकाळी ती जागा दाखवून ओरडा, मान खाली घातली म्हणजे चूक कळली. हट्टाने भुंकला तर दुर्लक्ष करा, अगदीच असह्य झालं तर तो मागतो ते द्या. उड्या मारल्या तर ‘बस’ म्हणा आणि बसल्यावर बिस्कीट द्या. तिन्ही सल्ले चुकीचे आहेत, पहिला तर क्रूर आहे.

सकाळची शू आणि रात्रीचा ओरडा कुत्रा एकमेकांशी जोडत नाही. शिक्षा बसते ती त्या क्षणाला, म्हणजे शेपूट हलवत दाराशी धावत येण्याला. मान खाली घालण्याचं काय? कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी 2009 साली 14 कुत्र्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. मालकाने ‘नको’ म्हटलेला खाऊ खाल्ला नसतानाही मालक रागावला की कुत्रे तसाच ‘अपराधी’ चेहरा करत. म्हणजे तो चेहरा मालकाच्या रागाला दिलेलं उत्तर असतो. उशिराचा परिणाम प्राणी कधीच जोडत नाहीत असं नाही: उंदीर बऱ्याच वेळाने झालेली मळमळ आधी चाखलेल्या चवीशी जोडतात, हे मानसशास्त्रज्ञ जॉन गार्सिया यांनी 1960च्या दशकात दाखवलं. पण ती गोष्ट चव आणि पोटाची, ओरड्याची नाही.

‘असह्य झालं तर द्या’ याने भुंकणं पक्कं होतं. अधूनमधून फळ मिळालेली सवय प्रत्येक वेळी फळ मिळणाऱ्या सवयीपेक्षा चिवट असते, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या 1930च्या दशकातल्या कामापासून माहीत आहे. त्यात दुर्लक्ष सुरू केलं की भुंकणं आधी वाढतं. नेमकं तेव्हाच नमलात, तर सगळ्यात मोठ्याने भुंकण्यालाच बक्षीस मिळालं.

तिसरा सल्ला वरवर शहाणा वाटतो, म्हणून जास्त फसवतो. लिफ्टचं दार उघडतं, कुत्रा आजोबांच्या सदऱ्यावर पंजे टेकवतो, ‘बस’ ऐकून बसतो, पार्ले-जी मिळतं. कुत्र्याच्या लेखी ही एकच साखळी: उडी, बस, बिस्कीट. पुढच्या वेळी तो बिस्किटासाठी आधी उडीच मारेल. लिफ्ट थांबायच्या आत, चारही पाय जमिनीवर असतानाच खाऊ द्या.

शूचंही तसंच. उपवन तलावाकडे फिरायला नेताना खाऊ खिशात ठेवा आणि झाल्या झाल्या तिथेच द्या. घरी येऊन दिलात, तर बक्षीस घरी येण्याला मिळतं.